निधनवार्तांचा आवाज

मॅलकी टार्पींनी निवृत्ती मोडायचं ठरवलंय, हे ऊनाला तिच्या धाकट्या भावाकडून कळलं.

"बाबा इस्त्री करतायत," फिंटन फोनवर म्हणाला. "ट्वीडचा कोट. खिडकीतून मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरकीची बॅग काढून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलीय. रविवारी जेवायला ये. ही विनंती नाही."

ट्वीडच्या कोटाला इस्त्री करतात की नाही, हा प्रश्न वेगळा. आईला जाऊन आठ वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत मॅलकींनी रुमालालाही इस्त्री केली नव्हती. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

रविवारी दुपारी एकला ऊनाने वडिलांच्या अंगणात गाडी घातली, इंजिन बंद केलं आणि काच चार बोटं खाली घेतली. खाली ती उतरणार नव्हती. बॅलिनार्डी गावात डॉक्टर म्हणून ती एकटी उरली होती. साथ आल्यापासून गेले तीन आठवडे दवाखान्याच्या माडीवर घडीच्या पलंगावर झोपत होती, आणि आपण कोणाच्या घरात काय घेऊन जाऊ याचा तिला भरवसा नव्हता.

अंगणात खडूच्या रेघा होत्या. फिंटन वकील, लोकांच्या शेताच्या हद्दी आखण्यात त्याची हयात गेलेली. त्याने टेप लावून चौकोन आखले होते आणि दर दोन चौकोनांत दोन मीटर अंतर सोडलं होतं. एका चौकोनात वडील, एकात तो स्वतः, गाडीला एक चौकोन, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी फिलोमिना आत्याला एक. प्रत्येक चौकोनात एक खुर्ची. भाजलेली कोंबडी, बटाटे आणि कोबी आत्याने चार ताटांत वाढून विहिरीच्या कठड्यावर ठेवले होते. एकेकाने जाऊन आपापलं उचलायचं. ऊनाचं ताट फिंटनने गाडीच्या टपावर ठेवलं आणि तो मागे सरकला.

"हे कायद्यात बसतं का?" ऊनाने विचारलं.

"वृद्धांची काळजी घेणं हे अत्यावश्यक कारण आहे. वाचून आलोय."

"माझी काळजी म्हणजे मला कोंडणं," मॅलकी म्हणाले. ते शहात्तरचे होते. कोट अंगात होता आणि त्याची चुरगळ पूर्वीपेक्षा वाढली होती. "सरकार म्हणतं सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, कोषात राहायचं. मी काय रेशमाचा किडा आहे?"

"तो निदान कशाच्या तरी उपयोगाचा असतो," फिलोमिना आत्या म्हणाली आणि कोबी खायला लागली.

आत्या मॅलकींहून तीन वर्षांनी मोठी. जिल्ह्याच्या रेडिओवर एकतीस वर्षं ती निधनवार्ता वाचत होती. सकाळी सव्वानऊ आणि संध्याकाळी सव्वासहा. त्या वेळेला गायीचं दूध काढणारा हात थांबायचा, दुकानदार सुटे पैसे हातात धरून तसाच उभा राहायचा, भांडणारे नवरा-बायको पाच मिनिटं गप्प बसायचे. गेलेल्याचं नाव, गाव, मागे कोण कोण राहिलं, अंत्यविधी किती वाजता. सगळं एका संथ, सरळ आवाजात. तिने कधी नाव चुकवलं नाही, कधी अडखळली नाही. दोन सेकंदांहून जास्त शांतता रेडिओवर पडू द्यायची नाही, नाहीतर लोकांना वाटतं रेडिओच गेला, असा तिचा नियम होता. दोन आठवड्यांपूर्वी रेडिओने तिला वयाकडे बोट दाखवून घरी बसवलं. आता तिथे कोणी ओशीन नावाचा तरुण वाचत होता. त्याचा विषय या घरात काढायचा नाही असं ठरलं होतं.

"मुद्द्यावर येऊ," फिंटन म्हणाला. "बाबा, तुम्ही उद्यापासून दवाखान्यात जाणार नाही. मी आणि ऊना, दोघांचं एकमत आहे."

"निवृत्त डॉक्टरांनी परत या म्हणून आवाहन आहे."

"तुमच्या छातीत दोन स्टेंट आहेत."

"स्टेंट कामाला लागलेले आहेत. मीच तेवढा बसून आहे." मॅलकींनी काट्याने बटाटा फोडला. "ऊनाला विचार. ती एकटी किती तास काम करते ते विचार. तिचा चेहरा बघ. काचेतून जेवढा दिसतो तेवढा."

फिंटनने पाहिलं. ऊनाने आरशात पाहायचं गेले काही दिवस टाळलं होतं. मास्कच्या कडांनी गालावर पडलेले वळ आता सकाळपर्यंतही जात नव्हते.

"ऊना, सांग त्यांना," फिंटन म्हणाला.

ऊनाने दार किंचित उघडून ताट मांडीवर घेतलं होतं, पण अजून एकही घास खाल्ला नव्हता. हे वाक्य ती गाडी चालवताना तीनदा मोठ्याने म्हणून आली होती.

"बाबा दवाखान्यात जाणार नाहीत," ती म्हणाली. "मीही जाणार नाही. उद्या मी दवाखाना उघडत नाहीये."

पूर्वेचा वारा होता. ताटांवरून काढलेली फॉइल विहिरीच्या कठड्यावर फडफडत होती.

फिंटनची बाजू बदलायला तेवढा वेळ पुरला. वकिलाला सवय असते. "म्हणजे काय, उघडत नाही? अख्ख्या गावात दुसरा डॉक्टर नाहीये. मग बाबांनी काय चूक सांगितलं? निदान फोनवरचे रुग्ण तरी—"

"आत्ताच तू माझे स्टेंट मोजत होतास," मॅलकी म्हणाले.

"परिस्थिती बदलली."

"का उघडत नाहीस?" आत्याने विचारलं. ती ऊनाकडेच बघत होती.

ऊनाने मागच्या सीटवरचं खोकं पुढे ओढलं. त्यात कागद होते, चांगले वीतभर जाड. आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयाकडून डॉक्टरांना येणाऱ्या सूचना. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन यायच्या, आता अकरा. कोणाची तपासणी करायची, कोणाची नाही, मास्क कधी लावायचा, कोणता, रुग्णाला कुठे पाठवायचं. प्रत्येक सूचना आधीच्या सूचनेला रद्द करायची, पण कुठली रद्द झाली ते सातव्या पानावर असायचं. दिवसभर रुग्ण पाहून झाल्यावर ती हे वाचायला बसायची आणि वाचता वाचता पुढची यायची.

"मंगळवारी बॅटी गॉनला ताप होता," ती म्हणाली. "लिसनाबॉयचा बॅटी. मी त्याला तपासणीला पाठवलं, फुटबॉलच्या मैदानावर. तपासणी केंद्र सोमवारी संध्याकाळीच तिथून हललं होतं. सूचना आली होती. मी तिच्या आधीच्या सूचनेच्या पाचव्या पानावर होते."

"मग?"

"मग तो मैदानात ट्रॅक्टरवर बसून राहिला. चार तास. एकटा. पावसात. विचारायला तिथे कोणी नव्हतंच. शेवटी त्याने मला फोन केला. म्हणाला, 'डॉक्टर, त्या लोकांना जरा उशीर होतोय वाटतं. घाई नाही माझी.'" ऊनाचा आवाज काही बदलला नाही. तो बदलणार नाही, याचीच ती काळजी घेत होती. "आधी का नाही फोन केला म्हटलं, तर म्हणे तुम्हाला त्रास नको. परवा त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. ऑक्सिजनवर आहे."

"चार तासांनी असा काय फरक—" फिंटनने सुरुवात केली.

"मला माहीत नाही काय फरक पडला. तेच तर. मला माहीत नाही. आणि उद्या मी दुसऱ्या कोणाला कुठल्या रिकाम्या मैदानात पाठवीन तेही मला माहीत नाही. दार बंद असेल तर निदान लोक वीस मैलांवर जातील आणि तिथला डॉक्टर त्यांना नीट सांगेल."

"तिथे कॉन्कॅनन आहे," मॅलकी म्हणाले. "त्याने शुक्रवारी मला फोन केला होता. हेच कागद त्यालाही येतात. तो म्हणाला, मॅलकी, आता मी फक्त विषयाची ओळ वाचतो आणि देवाचं नाव घेतो."

हे ऐकून ऊनाला बरं वाटायला नको होतं, पण थोडं वाटलं.

मॅलकींनी ताट खाली ठेवलं. कोटाच्या खिशातून रुमाल काढला, तो बिनइस्त्रीचाच होता, आणि चष्मा पुसायला लागले. काही कबूल करायचं असलं की ते चष्मा पुसायचे. आईने हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं आणि मुलांना वारशात देऊन गेली होती.

"बॅटीचा गुडघा," ते म्हणाले. "डावा दुखायचा. मी कार्डावर उजवा लिहिलं. दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी, मी उजव्या गुडघ्यात इंजेक्शन देत होतो. तो पँट वर करायचा, मी सुई मारायचो, तो आभार मानायचा. लंगडत जायचा."

"आणि त्याने सांगितलं नाही?" फिंटनने विचारलं.

"तिसऱ्या वर्षी त्याची बहीण सांगायला आली. मी त्याला विचारलं, बाबा रे, का नाही बोललास? म्हणाला, तुम्ही एवढं शिकलेले, म्हटलं पलीकडून औषध येत असेल."

आत्या हसली नाही. फिंटन हसला आणि मग आपण हसायला नको होतं असं वाटून त्याने आपल्या खडूच्या रेघेकडे पाहिलं.

"मी दवाखाना बंद केला नाही," मॅलकी म्हणाले. "करायला हवा होता असं पुष्कळ रात्री वाटलं. पण तेव्हा मला चुका करायला दोन वर्षं मिळायची. तुला एक संध्याकाळ मिळते. ते काही न्यायाचं नाही. म्हणून म्हणतो, मला येऊ दे. निम्मे रुग्ण मी बघतो."

"नाही," ऊना म्हणाली.

"तू बंद करतेस आणि मलाही उघडू देत नाहीस."

"तुम्हाला झालं तर तुम्ही जाल, बाबा. मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे. बॅटीच्या शेजारच्या खाटेवर मी तुम्हाला बघणार नाही."

हे ऊना इतक्या उघडपणे घरात कधी बोलली नव्हती. मॅलकींनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला, पण तो स्वच्छच होता.

"ते कागद इकडे आण," फिलोमिना आत्या म्हणाली.

"कुठले?"

"खोक्यातले. आजचे. फिंटन, हातमोजे घाल आणि आण."

फिंटनने गाडीच्या फटीतून वरचे दहा-बारा कागद ओढून घेतले, विहिरीच्या कठड्यावर ठेवले आणि मागे सरला. आत्याने ते उचलले. चष्मा नाकावर खाली घेतला. अर्धा कागद वाचला, पान उलटलं, पुन्हा मागे आली. मग घसा साफ केला.

"शंभराव्या क्रमांकाची सूचना," ती म्हणाली, "राहणार मंगळवार. काल संध्याकाळी सहा वाजता अल्पशा आजाराने निधन झालं. तिच्या पश्चात सूचना क्रमांक एकशे चाळीस, तिची एक दुरुस्ती आणि दोन जोडपत्रं असा परिवार आहे. फुटबॉलच्या मैदानावरची तपासणी यापुढे होणार नाही. तपासणी शाळेच्या वाहनतळावर, सकाळी दहा ते चार. येण्यापूर्वी डॉक्टरांनी नाव कळवणं आवश्यक. घरच्यांनी हीच सूचना समजावी."

तो तोच आवाज होता. ऊनाच्या लक्षात आलं की आपण हातातला काटा खाली ठेवलाय. फिंटन टोपी काढून उभा होता. मॅलकींनी तर मान खाली घातली होती, आणि मग आपण कशासाठी मान खाली घातली हे कळून ती वर केली.

"शाळेचा वाहनतळ," ऊना म्हणाली. "दहा ते चार. आधी नाव कळवायचं." तिच्या सगळं लक्षात होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा एक सूचना तिच्या डोक्यात जाऊन राहिली होती.

"पुढची वाचू?" आत्याने विचारलं.

"सातव्या पानावर काय आहे ते आधी बघ," मॅलकी म्हणाले आणि उठून विहिरीपर्यंत आले, रेघ ओलांडून. वडील आणि आत्या एकाच घरात राहत होते, त्यांच्यामध्ये रेघ मारणं हा मुळातच फाजीलपणा होता. "हे बघ. हा परिच्छेद नुसता मानभावीपणा आहे, तो काढ. हा कालचाच आहे. हे मात्र नवीन आहे. अगं, हे महत्त्वाचं आहे. पेन्सिल दे."

"तू पाठव मला हे सगळं," आत्या ऊनाला म्हणाली. "रोज. मॅलकी पहाटे पाचला उठून भिंतीकडे बघत बसतो, त्याऐवजी हे वाचेल. एका पानात बसवेल. मी वाचून दाखवीन. रुग्ण बघायचे झाले तर तुझे तू बघ."

"मला रुग्ण हवेत, कागद नकोत," मॅलकी म्हणाले, पण पेन्सिल चालूच होती.

"रुग्णांना ऊना आहे. ऊनाला कोण आहे?"

ऊनाने काच आणखी दोन बोटं खाली घेतली आणि बटाटा खाल्ला. तो गार झाला होता. तिने सगळा संपवला.

"कॉन्कॅननलाही ऐकायचं असेल," मॅलकी म्हणाले. "आणि हेनिगन. आणि तो व्हीलन, बोलायला जरा फटकळ आहे, पण त्याच्याकडे दोन वृद्धाश्रम आहेत."

"माझ्या ऑफिसात एक फोनची सोय आहे," फिंटन म्हणाला. "इस्टेटीच्या भांडणांसाठी घेतली होती. तीस माणसं एका वेळी भांडू शकतात. जिल्ह्यातले चौदा डॉक्टर सहज मावतील."

दवाखाना उघडायचा की नाही, हा विषय पुन्हा कोणी काढला नाही. सोमवारी सकाळी ऊनाने तो उघडला.

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन लागायचा. आत्या वाचायची, नऊ मिनिटांच्या वर कधी गेली नाही. रद्द झालेल्या सूचनांचं रीतसर निधन व्हायचं, नवीन सूचना परिवार म्हणून यायच्या. पहिल्या दिवशी कोणीतरी हसलं. तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण सगळे लिहून घेत होते. मागे मॅलकींचा आवाज यायचा, "दुसऱ्या ओळीवर जोर दे." ती देत नसे. जोर द्यायचा नाही, हेच तिचं एकतीस वर्षांचं कौशल्य होतं.

दुसऱ्या आठवड्यात हेनिगन आजारी पडली आणि दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून आत्याने शेवटी नावं वाचायला सुरुवात केली. चौदा डॉक्टरांची, आडनावांच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. नाव आलं की "आहे" म्हणायचं.

"शाळा आहे का ही?" व्हीलनने विचारलं होतं.

"मेलेल्यांची नावं मी एकतीस वर्षं वाचली, डॉक्टर," आत्या म्हणाली होती. "आता जिवंतांची वाचते. तुमचं शेवटी येतं, तोवर चहा घ्या."

व्हीलन त्यानंतर रोज चहाचा घोट घेऊन "आहे" म्हणायचा. नावं झाल्यावर फोन ठेवायची घाई कोणी करेनासं झालं. कोणाकडे अंगावर घालायचे संरक्षक गाऊन उरले नाहीत, कोणाला झोप लागत नाही, कोणाचा नवरा गाडीखान्यात जेवतो. पाच-सात मिनिटं बोलणं व्हायचं. मॅलकी मध्येच एखाद्याला सांगायचे की आज तू दुपारी झोप, तुझे फोन कॉन्कॅनन घेईल. आणि कॉन्कॅनन घ्यायचा.

ऊनाला हॉस्पिटलचा फोन आला तो एकोणिसाव्या दिवशी, सकाळी सातला. बॅटी गॉन पहाटे गेला. नर्स म्हणाली की शेवटी शुद्ध होती. रात्री त्याने बेल वाजवली नव्हती. ऊनाने आभार मानले, फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली. दवाखान्याची किल्ली टेबलावर होती. ती तिने उचलली नाही.

आठ दहाला तिने सवयीने फोन लावला आणि कानाशी धरला.

आज आत्याने सूचनांपासून सुरुवात केली नाही.

"बार्थोलोम्यू गॉन, लिसनाबॉय," ती म्हणाली. "वय एक्क्याऐंशी. आज पहाटे हॉस्पिटलमध्ये निधन झालं. त्यांच्या पश्चात बहीण डेलिया आणि तीन पुतणे असा परिवार आहे. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी आहे. बाकीच्यांनी उद्या अकरा वाजता आपापल्या फाटकाशी उभं राहावं. शवपेटी ट्रॅक्टरवरून जाईल, तशी डेलियाची इच्छा आहे." मग कागद उलटल्याचा आवाज. "सूचना क्रमांक तीनशे सदतीस, राहणार बुधवार."

ऊनाने त्या दिवशी काही लिहून घेतलं नाही.

नावं सुरू झाली. कॉन्कॅनन. आहे. हेनिगन, तिचा आवाज अजून बसलेला होता. आहे. मल्डून. आहे. एकामागून एक ती येत गेली, संथ, सरळ.

"डॉक्टर ऊना टार्पी."

ऊनाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिला फक्त मैदान दिसत होतं आणि त्यात उभा ट्रॅक्टर.

एक सेकंद गेला, दोन गेले. आत्या आता पुढचं नाव घेईल हे ऊनाला माहीत होतं, कारण दोन सेकंदांच्या वर ती कधी थांबली नव्हती. वडिलांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ फोनमधून ऐकू येत होतं. पाच. सहा. तेरा डॉक्टर कानाला फोन लावून होते आणि कोणाचाही फोन बंद झाल्याचा आवाज आला नाही. व्हीलनचासुद्धा नाही.

"फिलोमिना," मागून मॅलकी हळू म्हणाले. "पुढचं घे. तिला वेळ लागेल."

"लागू दे," आत्या म्हणाली. "मी थांबलेय."

घड्याळ चालू होतं. खाली दवाखान्याच्या दाराशी कोणीतरी खोकलं आणि बेल न वाजवता उभं राहिलं. ऊनाला ते ऐकू आलं. त्रास नको म्हणून तो माणूस अजून अर्धा तास तसाच उभा राहिला असता. ती उठली आणि टेबलावरची किल्ली घेतली.

"आहे," ती म्हणाली.

"डॉक्टर व्हीलन," आत्याने पुढचं नाव घेतलं.